भाद्रपद आणि एक दातेरी पट्टा

भाद्रपद लागला की सगळ्या हैदराबादला गणपतीचे वेध लागतात, आणि मला तळ्यांचे. विद्यानगरच्या आमच्या गल्लीत मांडवाचे बांबू येऊन पडले, की मी वर्तमानपत्राचं पहिलं पान सरळ उलटते आणि आतल्या कोपऱ्यातली पाण्याच्या पातळीची बातमी शोधते. कुठलं तळं किती भरलं, कुठली दारं उघडणार, कुठल्या वस्त्यांनी सावध राहायचं. वकिली करून करून बारीक टाइप वाचायची सवय लागलीय म्हणून बरं. मला या पातळ्यांशी काय करायचंय, असं माझा नवरा विचारतो. माझा सख्खा थोरला भाऊ तळ्याच्या पोटात राहतो, मी काय करणार!

पोटात म्हणजे अक्षरशः पोटातच. आमच्याकडच्या जुन्या जमिनीच्या कागदांत ‘शिकम’ असा शब्द असतो. तळं आटलं की उघडी पडणारी जमीन, ती शिकम, आणि शिकम म्हणजे फारसीत पोट. दिलसुखनगर मागे टाकून पुढे जावं, शिकवणी वर्गांच्या पाट्या संपाव्यात, रस्ता हळूहळू उतरायला लागावा, की दादाची कॉलनी येते. घरं छान आहेत, दारात जास्वंद, अबोली, नारळ. गल्लीच्या टोकाला एक हिरवी टेकडी दिसते. नवा माणूस म्हणतो, वा, काय सुरेख टेकडी! ती टेकडी नाहीच. तो वरच्या तळ्याचा बांध आहे (खालचं तळं बुजवून त्याच्या पोटात ही कॉलनी वसली), आणि बांधाच्या पलीकडचं पाणी पावसाळ्यात या घरांच्या गच्च्यांपेक्षा उंच असतं. बांधाच्या एका बाजूला मत्तडी आहे, म्हणजे भरलेलं तळं जिथून उतू जातं तो दगडी उंबरा. मत्तडी चालू झाली की तिचा आवाज दादाच्या जेवणघरात ऐकू येतो. आपण आमटी वाढत असतो आणि मागे तो आवाज चालू असतो.

आणि गंमत बघा, दादा निवृत्त झाला तो पाटबंधारे खात्यातून! जन्मभर तळी मोजली आणि घर बांधलं ते तळ्याच्या वाटेवर. मी किती भांडले असेन त्याच्याशी. तो म्हणायचा, “विजू, तुला पाण्यातलं काय कळतंय? कोर्टात जा तू.”

त्याचा सगळा भरवसा त्याच्या मशीनवर. खात्याची सर्वेक्षणाची होडी मोडीत निघाली तेव्हा तिला मागून ढकलणारं मशीन त्यानं लिलावात घेतलं होतं. एक साधी फायबरची होडीही पैदा केली आणि ती पोर्चमध्ये पालथी घालून ठेवली. ज्या घरात माणसं मोटार ठेवतात तिथं यानं होडी ठेवली. कुमुदवहिनी, म्हणजे दादाची बायको, त्या होडीवर पापड वाळत घालायची. मशीन मात्र जिन्याखाली लाकडी घोडीवर टांगलेलं असायचं, वरून जुनं धोतर पांघरलेलं. पावसाळ्याच्या तोंडावर दादा ते धोतर काढायचा, झाकण उघडायचा, आणि मग दिवसभर घरात रॉकेलचा आणि ग्रीजचा वास.

मला त्यातलं काही कळत नाही, पण इतकी वर्षं शेजारी बसून कांदे निवडताना जे कानावर पडलं ते सांगते. वर एक जड चाक असतं. त्याच्याखाली दातेरी पुली. तिथून एक काळा दातेरी पट्टा निघतो तो बाजूच्या दुसऱ्या पुलीवर चढतो, आणि ही दुसरी पुली ठिणग्या वाटते. पिस्टन वर यायला आणि ठिणगी पडायला एकच गाठ पडली पाहिजे. म्हणून दोन्ही पुल्यांवर एकेक खूण असते. खुणा समोरासमोर आणायच्या, पट्टा चढवायचा, तो कडेला चढत नाही ना, सरळ बसलाय ना ते बघायचं, हातानं चाक फिरवायचं आणि खुणा परत समोरासमोर येतात का ते तपासायचं. “एक दाता जरी चुकला ना,” दादा म्हणायचा, “तरी पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून चालवलंस तर मशीन गोड चालेल. तुला पत्ताही लागणार नाही. पाण्यात, ओझं पडल्यावर, तेव्हा मान टाकेल.” हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की वहिनी त्याच्या मागे उभी राहून ओठ हलवून त्याची नक्कल करायची.

चाकाखालच्या पुलीवरची कारखान्यानं दिलेली मूळ खूण कधीच झिजली होती. तिथं बारीक खाच उरली होती फक्त. मग वहिनीनं तिची लाल नेलपॉलिश दिली. खाचेत एक थेंब सोडायचा, सुकला की खूण लांबून दिसते. दरवर्षी तो थेंब नवा होई. दादा खोटं खोटं चिडायचा, “सरकारी मशीनला नटवतेस होय गं?”

वहिनी एका उन्हाळ्यात गेली. आजार छोटा होता, माणूस मोठं गेलं. त्याबद्दल मला फार लिहवत नाही.

समोरच्या घरात रझिया आपा राहतात. दादाहून वडील. दोन्ही पाय गेलेले, पलंग खिडकीला लावून दिवसभर गल्ली बघत पडलेल्या असतात. मुलं आखातात, कामाला बाई येते. वहिनीची आणि त्यांची फार गट्टी होती. शीरखुर्मा इकडे यायचा, पुरणपोळी तिकडे जायची, आणि खिडकीतून खिडकीत दिवसभर बोलणं. वहिनी गेल्यावर दादाची विचारपूस आपाच करायच्या. “भाईसाब, खाना खाये क्या?” असा आवाज सकाळ-संध्याकाळ ठरलेला.

आता यातली मेख ऐका. मी दादाला म्हणायची, ते घर सोड, माझ्याकडे चल. तो म्हणायचा, “मी गेलो तर आपांना पाण्यातून कोण काढणार? मी शब्द दिलाय त्यांना.” मग मी समोर जाऊन आपांना म्हणायची, आपा, नामपल्लीला तुमची भाची आहे, पावसाळाभर तिच्याकडे राहा. त्या हसून म्हणायच्या, “मेरे कू क्या डर बेटा? भाईसाब हैं ना, उनकी मशीन है ना.” हा तिच्यासाठी थांबलेला, ती ह्याच्या भरवशावर थांबलेली! दोघंही इतकी चांगली की कुणावर चिडायची सोय नाही. मी मात्र चिडायची. मला एकच हवं होतं, आजही तेच हवंय: या दोन म्हाताऱ्या माणसांनी पाणी यायच्या आधी तिथून बाहेर पडावं.

वहिनी गेली त्याच्या पुढच्या वर्षीचा भाद्रपद मी विसरणार नाही. अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. मी दादाकडे दोन घास करून घालायला म्हणून गेले आणि राहिले. वर, तळ्याच्या वरच्या अंगाला, आदल्या दिवशी पाऊस झाला होता म्हणे. आमच्याकडे थेंब नाही. सकाळी चक्क ऊन पडलं होतं, स्वच्छ, पिवळं. मी चहा टाकला आणि बघते तर ओट्यावर मुंग्यांची रांग, पांढरी अंडी तोंडात धरून वर चाललेली. न्हाणीघरात झुरळं भिंतीवर चढून बसलेली. मग मोरीच्या जाळीतून पाणी वर आलं. आवाज नाही, काही नाही. गुपचूप आलं, आणि फरशीवर पसरलं.

मी म्हटलं, “दादा, मोरी तुंबलीय रे.”

दादा आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. “तुंबली नाही,” तो म्हणाला. “मत्तडीचा आवाज येतोय का बघ.” मी कान दिला. आवाज येत नव्हता. मला हायसं वाटलं, तर तो म्हणाला, “वेडे, खालचं पाणी चढून मत्तडीची धार त्यात बुडाली की आवाज बंद होतो.”

आजही कुठं अचानक शांत झालं की मी आधी मोरी बघून येते.

थोड्या वेळात गल्ली चहाच्या रंगाची झाली. पाण्यावर थर्माकोल, निर्माल्य, चपला, आणि आदल्या दिवसांत तळ्यात बुडवलेल्या मूर्तींचे तुकडे. एक गुलाबी रंगवलेला हात, तळवा पुढे केलेला, आमच्या फाटकाला येऊन लागला, जरा घुटमळला आणि पुढे निघून गेला. मी हात जोडले. आशीर्वादाचाच तो हात, पण मला त्याच्याकडे बघवेना.

दादा मात्र अंगात आल्यासारखा कामाला लागला. मशीन त्यानं आठवड्यापूर्वीच लावून ठेवलं होतं, खुणा जुळवून, पट्टा सरळ बसवून, ड्रमच्या पाण्यात चालवून. होडी सुलटी केली, मशीन मागे चढवलं. शेजारच्या इमारतीतल्या दोघांनी आपांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं आणि खुर्चीसकट होडीत ठेवलं. आपांच्या मांडीवर कुराणाची कापडात गुंडाळलेली प्रत आणि औषधांचा डबा. मी त्यांच्या पायाशी बसले. दादानं दोरी ओढली, मशीन सुरू झालं. आवाज गोड होता. आपा म्हणाल्या, “बोली थी ना मैं!”

गल्लीत सगळं छान चाललं. गच्च्यांवरून लोक हात करत होते. एका बाईनं तर वरून विचारलं, “आंटी, किधर चले?” मीही हसले. त्या वेळी मला खरंच वाटलं की मी उगाच इतकी वर्षं डोकं खाल्लं, दादाचंच बरोबर होतं.

गल्ली संपते तिथं मोठा रस्ता आणि रस्त्याखालून नाला जातो. तिथं पाण्याला ओढ होती. ती दिसत नव्हती, होडीला कळली आधी. होडीचं तोंड आपोआप नाल्याकडे वळायला लागलं. दादानं मूठ पिळून मशीनला जोर दिला. मशीनचा आवाज वाढायच्या ऐवजी बसला. घोगरा झाला, मशीन खोकलं, आणि बंद.

दोरी ओढली. सुरू. मंद ठेवलं तर चालतंय, जोर दिला की मान टाकतंय. परत दोरी. परत तेच. दादा ओढतच होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, आपांकडे बघत नव्हता, फक्त मशीनकडे, आणि मोठ्यानं म्हणत होता, “खुणा जुळवल्यात मी. मी खुणा जुळवल्यात!” नाल्याचं तोंड आता दिसत होतं. दिसत होतं म्हणजे काय, तिथं पाणी खाली वाकून आत जात होतं आणि बाहेर काही येत नव्हतं. मी आपांची खुर्ची दोन्ही हातांनी धरली. का धरली, देव जाणे. बुडताना खुर्ची धरून काय होणार होतं! आपा पुटपुटत होत्या. मध्येच थांबून त्या दादाला म्हणाल्या, “भाईसाब, मशीन कू कुछ मत बोलो. बुड्ढी है बिचारी, हमारे जैसी.”

होडी विजेच्या खांबाला आपटली, आडवी झाली आणि तिथंच अडकून राहिली. कोपऱ्यावरच्या गणपतीच्या मांडवाचे दोर अजून सोडले नव्हते, तीच कृपा. मंडळाच्या पोरांनी ते सोडून आमच्याकडे फेकले, शाळेच्या फाटकाला गुंडाळले आणि आम्हाला ओढून घेतलं. त्या पोरांना मी दरवर्षी लाउडस्पीकरच्या आवाजापायी शिव्या दिल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात आपांची खुर्ची टेकली तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले. दादा रडला नाही. तो भिंतीला टेकून हाताचे तळवे बघत बसला होता, दोरीनं सोलवटलेले.

त्यानंतर आपा नामपल्लीला भाचीकडे गेल्या आणि दादा विद्यानगरला माझ्याकडे. मशीनही आलं, टेंपोतून, चिखलानं माखलेलं. ते मी बाल्कनीत ठेवून घेतलं. नवरा म्हणाला, तुळशीशेजारी हे काय? मी म्हटलं, राहू दे.

पुष्कळ दिवस दादानं त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी माझं भिंग मागून घेतलं आणि झाकण उघडून बसला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. बराच वेळ त्यानं पुलीवर भिंग धरलं. रॉकेलच्या चिंधीनं एक ठिकाण पुसलं, चिंधी उजेडात धरली. मला हाक मारली नाही, पण मी गेलेच.

लाल ठिपका चिंधीवर उतरला होता.

“नेलपॉलिश रॉकेलनं जात नाही, विजू,” तो म्हणाला. मग नखानं त्यानं मला खरी खाच दाखवली. ती एक दाता अलीकडे होती, मळानं भरलेली. वहिनीचा थेंब केव्हाच उडून गेला होता.

आणि मग दोघांनाही एकदमच उमजलं. वहिनी गेली त्या वर्षीच्या खंडेनवमीला घरातली हत्यारं कोण पुजणार, हा प्रश्न होता. देवाधर्माच्या नावानं नाक मुरडणारा माझा भाऊ, त्यानं अंघोळ करून स्वतः पूजा केली. विळी, पान्हे, शिवणाचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू. वहिनी दरवर्षी मशीनच्या झाकणावर वरून बोट टेकवायची आणि मोकळी व्हायची. यानं ते नीट बघितलंच नव्हतं कधी. यानं झाकण उघडलं, आतल्या चाकाला, पुलीला, मनापासून, हळूच, कुंकवाचं बोट लावलं. ग्रीजमध्ये ते कुंकू भिनलं, काळपट लाल होऊन बसलं. पुढच्या पावसाळ्यात चष्म्यातून याला लाल खूण दिसली आणि यानं तिच्यावर विश्वास ठेवला. हातानं चाक फिरवून परत तपासलंसुद्धा असणार. चुकीच्या खुणा चुकीच्याच जागी पुन्हा पुन्हा बरोबर जुळल्या असणार.

“कुमुद झाकणावर लावायची,” दादा म्हणाला. “मला वाटलं, तिच्यापेक्षा नीट करावं.”

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आमच्या घरात तशी पद्धत नाही म्हणून नाही घेतलं. पण खरं सांगू? आतून मला बरंच वाटत होतं. वाटलं, संपलं एकदाचं. ज्या मशीननं असा दगा दिला, त्याच्या भरवशावर कोण शहाणा माणूस तळ्याच्या पोटात परत जाईल? कोर्टात असा पुरावा हाती लागला की मी शांतपणे खाली बसते. तशी मी बसले.

दादानं पट्टा उतरवला. खाच साफ केली. नवा पट्टा आणला, खुणा जुळवल्या, फूटपट्टी लावून तो सरळ बसलाय का ते बघितलं. आमच्या बिल्डिंगच्या आवारात पाण्याचा ड्रम भरून त्यात मशीन उभं केलं आणि दोरी ओढली. मला मशीनमधलं कळत नाही, पण तो आवाज वेगळा होता हे मलाही कळलं. भरदार होता. दादाची पाठ ताठ झाली. त्या रात्री तो दोनदा भात मागून जेवला. आणि आठवड्याच्या आत त्यानं टेंपो बोलावला.

मी भांडले, रडले, अबोला धरला. तो म्हणाला, “अगं, चूक मशीनची नव्हतीच. चूक सापडली ना आता?” आठ दिवसांनी नामपल्लीहून आपाही परतल्या. “भाईसाब लौटे, तो मैं भी लौटी,” असं मला फोनवर आनंदानं सांगितलं त्यांनी. खिडकीतून खिडकीत पुन्हा बोलणं सुरू झालं. आता सांगा, अशा आनंदी माणसांचं काय करायचं?

आज सकाळी बातमी वाचली. तळं काठोकाठ, सखल भागातल्या रहिवाशांनी स्थलांतर करावं. फोन केला तर दादा म्हणाला, “हो, ऐकलंय. काळजी करू नकोस.” मी तडक रिक्षा केली. दिलसुखनगरला नेहमीची गर्दी, पुस्तकांच्या पिशव्या घेतलेली पोरं, इडलीच्या गाड्या, सगळं आपलं चालू. उतार लागला तसा रिक्षावालाच म्हणाला, “अम्मा, उधर पानी आएगा बोलते आज.” मी म्हटलं, “हौ, मालूम है. थांब तिथं, आम्हाला तिघांना परत यायचंय.”

गल्ली कोरडी होती. बांध हिरवागार. मत्तडीचा आवाज मात्र इतका मोठा की दादाशी ओरडून बोलावं लागलं. पोर्चमध्ये होडी सुलटी करून ठेवलेली, मागे मशीन, ड्रममध्ये बुडवलेलं. समोरच्या खिडकीत आपा, केस विंचरून, नवी ओढणी घेऊन बसलेल्या.

“दादा, बाहेर रिक्षा उभी आहे. आपांना दोघं मिळून उचलू. चल, आत्ताच चल.”

“आधी हे ऐक,” तो म्हणाला, आणि दोरी ओढली.

एका ओढीत सुरू झालं. त्यानं जोर दिला, मशीननं तो घेतला. अजून दिला, तोही घेतला. ड्रममधलं पाणी उकळल्यासारखं उसळून फरशीवर सांडलं, तरी आवाज कुठं अडखळला नाही. समोरून आपांनी टाळ्या वाजवल्या. “सुनी क्या विजू? माशाल्ला! अब कायकू जाना?”

दादा माझ्याकडे बघून हसत होता. वहिनी गेल्यापासून तसा हसला नव्हता तो. माझ्याकडे त्याच्याविरुद्ध एवढा एकच मुद्दा होता, की तुझं मशीन ऐन वेळी बंद पडतं. तो मुद्दा गेला. मी तिथं उभी राहून देवाची करुणा भाकत होते की ते बंद पडू दे, आत्ता, माझ्यासमोर, एकदाच. ते चालत राहिलं.

फाटकातून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. “अम्मा, चलते क्या? पानी छोड़ रहे बोलके फोन आया.”

मी दादाकडे बघितलं, समोरच्या खिडकीकडे बघितलं, आणि रिक्षावाल्याला म्हटलं, तू जा बाबा.